अंजिराचा चीक, लिंबाचा रस आणि ऊन

पुरंदरकडे अंजिराचा मीठा बहार ऐन उन्हाळ्यात तोडणीला येतो. पानादेठांचा चीक मनगटाला, कोपराला लागतो. त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी आग सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत टरारून फोड येतात. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्यांच्या बोटांवरही हेच होतं.

लोक याला ॲलर्जी म्हणतात आणि सेट्रिझिनची गोळी घेतात. तिचा उपयोग नाही, कारण ही ॲलर्जीच नव्हे. अंजीर, लिंबू आणि बावची ही औषधी वनस्पती यांत सोरालेनसारखी द्रव्यं असतात. ती कातडीत मुरली आणि वर ऊन पडलं की पेशी भाजतात. घामेजलेली कातडी ती जास्त शोषते. लिंबाच्या रसापेक्षा सालीत ती जास्त असतात, म्हणून साल दाबून पिळणाऱ्याला धोका अधिक. खाज कमी, आग जास्त आणि चट्टे ओघळासारखे, ही याची खूण. लिंबाच्या हातांनी मूल उचललं तर त्याच्या अंगावर बोटांचे ठसे उठतात. मूल मारलंय असा संशय डॉक्टरांनाही येतो.

चीक लागल्याबरोबर साबणानं धुवा. नुसतं पाणी पुरत नाही, ही द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत. मग दोन दिवस तो भाग कपड्यानं झाका. खिडकीची काच भरवशाची नाही, उन्हातले घातक यूव्हीए किरण तिच्यातून बरेचसे आत येतात.

फोड आले तर फोडू नका. गार पाण्याच्या पट्ट्या १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट नको. फोड आपसूक फुटलाच तर हलक्या हातानं धुऊन व्हॅसलीन आणि न चिकटणारी पट्टी. सूज फार असेल तर मोमेटासोनसारखं स्टिरॉइड मलम काही दिवस, पण डॉक्टरांना विचारून आणि न फुटलेल्या कातडीवरच. दुकानदार हातात देतो ती स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब इथे कशालाच लागत नाही.

नंतर काळपट डाग राहतो, काही आठवडे ते काही महिने. तो आपोआप फिकटतो, फक्त उन्हापासून जपा; बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, यूव्हीएपासूनही वाचवणारं सनस्क्रीन लावा. डाग जावा म्हणून त्यावर लिंबू चोळणारे महाभाग असतात, त्यांना काय म्हणावं!

डोळ्याजवळ किंवा गुप्तांगावर फोड, पू, ताप, किंवा तळहाताहून मोठा भाग भाजलेला असेल तर घरी थांबू नका. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसल्यावर असे फोड आले, तर तेल त्याच दिवशी बंद करून त्वचारोगतज्ज्ञ गाठा.