लालीचा रकाना

घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून घरचे काय करतात, यावर आमचा अभ्यास चालू आहे. घरच्यांनी रोज भरायचा फॉर्म तज्ज्ञांनी तपासला, नीतिमत्ता समितीने मंजूर केला आणि मग सल्लागार गटात नातेवाइकांना बोलावलं. सगळीकडे हाच क्रम असतो. सगळं ठरल्यावर माणसं बोलवायची आणि त्याला सहभाग म्हणायचं, हे मला पटत नाही.

बैठकीत दर दोन तासांनी कूस बदलण्यावर चर्चा चालली होती. सासूची काळजी घेणाऱ्या एका बाईंनी मध्येच फॉर्म पुढे सरकवला. "सिस्टर, लालीच्या रकान्यात मी रोज 'नाही' लिहिते. सासूबाई सावळ्या आहेत, लाल दिसणार कसं? मी बोटांची मागची बाजू लावून बघते. माकडहाडापाशी आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागलं, की त्यांना पाठीवर निजवत नाही."

बेडसोरच्या पहिल्या टप्प्यात कातडी फाटलेली नसते. दाबलं तरी न जाणारी लाली, डोळ्यांना दिसणारी खूण एवढीच. सावळ्या कातडीवर तीही लपते. म्हणून ऊब आणि घट्टपणा हाताने तपासावा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. वॉर्डातली चांगली नर्स तेच करते. फॉर्म मात्र जुन्या फॉर्मवरून उतरवलेला, त्यात फक्त लाली. बाईंनी ते कुठे वाचलेलं नव्हतं, रात्री जागून शिकल्या होत्या.

आता आधीच्या फॉर्मांतले 'नाही' कसे वाचायचे? सोर नव्हता, की दिसला नाही? आकडेमोड करणारे सहकारी म्हणतात, तसेच मोजू. मला ते मान्य नाही; ते फॉर्म वेगळेच ठेवायला हवेत.

दुरुस्तीचा अर्ज समितीकडे गेला. "नातेवाइकांच्या सांगण्यावरून फॉर्म बदलायचा?" असं एका वरिष्ठांनी विचारलं. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसतं मत विचारणं त्यात मधल्या, दिखाऊ पायऱ्यांवर येतं. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिमत्तेवरच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या आवृत्तीतही संशोधनाआधी, चालू असताना आणि नंतर लोकांना अर्थपूर्ण सहभाग द्यावा असं म्हटलंय. हे सगळं मी त्या वरिष्ठांना सांगितलं. ते "बघू" म्हणाले.

पुढच्या प्रस्तावात फॉर्म तयार होण्याआधीच्या बैठका मी घातल्या आहेत. येणाऱ्यांचा प्रवासखर्च आणि तेवढ्या वेळापुरता रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाचा मोबदलाही त्यात धरलाय. लेखा विभागाने तो कागद परत पाठवला: असं खर्चाचं शीर्षकच नाही म्हणे. मी तो पुन्हा पाठवलाय.