पहिल्या गिअरमधल्या सहा डिग्री

माझी फियाट लिनिया टी-जेट रांजणगावची. कारखान्यातून निघताना १.४ लिटर टर्बो, ११४ पीएस ताकद, २०७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. मी टर्बो मोठा केला, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा, हवा तसा बदलता येणारा संगणक) बसवला, आणि ताकदीचं सुख धाव सुरू होते त्या लाइनवरच संपलं. क्लच सोडला की पुढची चाकं नुसती गरगरायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं हे जुनंच दुखणं आहे. सुटताना वजन मागे सरकतं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात.

आधी पहिल्या गिअरला बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, कमी केला. चाकं थांबली, पण दुसरा गिअर पडला की गाडी मेल्यासारखी. ट्यूनरदादा म्हणाले, "टर्बोचा दम काढून घेतलास तर तो परत भरायला वेळ लागणारच. बूस्ट राहू दे, टायमिंग मागे घेऊ."

टायमिंग म्हणजे स्पार्क पडायची वेळ. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी स्पार्क पडतो, म्हणजे सगळ्यात जास्त दाब पिस्टन खाली निघाल्यावर नेमक्या वेळी बसतो. स्पार्क उशिरा टाकला की तो दाब उशिरा येतो, टॉर्क कमी होतो. मात्र पेटलेल्या वायूची न वापरलेली उष्णता एक्झॉस्टमधून टर्बाइनवरच जाते, त्यामुळे टर्बो फिरत राहतो. टायमिंग परत दिलं की पुढच्याच स्पार्कपासून टॉर्क हजर. बूस्टला हे जमत नाही, म्हणून मला ही पद्धत इतकी आवडली.

पहिल्यांदा हावरटपणा झाला. टायमिंग क्रँकच्या फिरण्याच्या डिग्रीत मोजतात; पिस्टन वर पोचायच्या बारा डिग्री आधीवरून थेट शून्यावर आलो. गाडी गुदमरली आणि एक्झॉस्टचं तापमान इतकं भराभर चढलं की मी दुसरी धाव घेतलीच नाही. व्हॉल्व्ह आणि टर्बाइन जाळायला असं उशिरा पेटवणं पुरेसं असतं. एवढं लक्षात ठेवा.

मग धावेच्या नोंदींचा लॉग उघडून बसलो. पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग शेजारी-शेजारी लावला. पुढची चाकं मागच्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरत होती. सहा डिग्री काढल्या, त्याही फक्त पहिल्या गिअरमध्ये, आणि एका सेकंदात हळूहळू परत दिल्या. एकदम परत दिल्या तर चाकं पुन्हा सुटतात, हे दोन धावांत कळलं.

बंद धावपट्टीवर पहिल्या साठ फुटांचा वेळ २.५५ वरून २.३२ सेकंदांवर आला. टायर तेच, बूस्ट तोच. दुसरा गिअर पडला तेव्हा टर्बो भरलेलाच होता, पाठ सीटला टेकली, आणि हेल्मेटच्या आत मी ओरडलो.

आता ईसीयूत टायमिंगचे दोन मॅप, म्हणजे तक्ते, ठेवले आहेत. सकाळच्या गार डांबराला आठ डिग्री काढतो, दुपारी सहा. प्रत्येक धावेनंतर दोन मिनिटं आयडलवर उभी ठेवतो आणि तापमानाचा काटा उतरल्याशिवाय पुन्हा लाइनला लावत नाही.