पिवळं पान कुठलं?

पिवळं पान दिसलं की आपल्याकडे माणूस आधी उपाय सांगतो आणि झाड कुठलं ते मागाहून विचारतो. इंदूरच्या आमच्या सुदामानगरात तरी हीच रीत आहे. कुंडीतला कढीपत्ता जरा उतरला की शेजारच्या वहिनी फाटकातूनच सांगतात, "ताक घाला हो!" समोरचे निवृत्त इंजिनियर काका गंजका खिळा पुरायला सांगतात. आईचं निदान ठरलेलं, कुणाची तरी दृष्ट. युरियाची चिमूट, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण... जो तो काही ना काही घालायलाच सांगतो. काही घालू नका, हे सांगणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, तो म्हणजे माळी. तो येतो, कुंडी दोन्ही हातांनी जराशी उचलून बघतो आणि म्हणतो, "भाभीजी, पानी कम करो." त्याचे पैसे मला कधीच जड वाटले नाहीत.

मागे माझ्या भाच्यानं टोरांटोहून घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. खाली ओळ, "मावशी, पानं पिवळी का पडतायत?" खोलीच्या कोपऱ्यात दिव्याखाली काळी कुंडी, तिच्यात कमरेएवढं झाड, बोटांसारखी फुटलेली कातरी पानं. मी चष्मा शोधेपर्यंत आत्यांचा निरोप येऊन पडलासुद्धा: "अंबाडी छान आलीय रे. कण्या आणि लसणाची फोडणी घालून भाजी कर." ग्वाल्हेरच्या काकांना ती भेंडीची एखादी जात वाटली. पोरगा सरळ. त्यानं लिहिलं, "नाही आत्याआजी, गांजा आहे."

पुढचा अर्धा तास ग्रुपवर कोणी शिंकलंही नाही.

आत्यांना हसणं सोपं आहे, पण अंबाडीचं पान खरंच तसंच दिसतं. इतकं, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवताना मागं 'कॅनाबिनस' जोडलं, म्हणजे गांजासारखी. राहिला प्रश्न अब्रूचा. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून हे कायद्यात बसतं. टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथं सज्ञान माणसाला घरी लावता येतं, मात्र एका घरात चार झाडांच्या वर नाही. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हाच. पण त्याच कायद्यानं गांजाच्या व्याख्येतून नुसतं पान आणि बी वगळलं आहे, आणि भांग पानांचीच, म्हणून मध्य प्रदेशात भांगेची परवान्याची दुकानं राजरोस चालतात. रंगपंचमीला इंदूरला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला येऊन ठंडाईचे दोन पेले रिचवणाऱ्या काकांनीच भाच्याला संस्कारांवर सगळ्यात लांबलचक निरोप लिहिला, हे मला इथं नोंदवून ठेवायचं आहे.

मी काही ते झाड कधी वाढवलेलं नाही. पण कुंडीतलं पिवळं पान हे कुंडीतलं पिवळं पान. हरितद्रव्य गांजाचं वेगळं आणि जास्वंदीचं वेगळं असं नसतं. मी त्याला एवढंच विचारलं, "पिवळं नेमकं कुठं आहे? खाली की वर?"

सगळी मेख तिथंच असते. नत्र झाडात हिंडतं-फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून घेतं आणि शेंड्याच्या नव्या पानांना देतं. म्हणून नत्राची ओढ असली की पिवळेपणा तळातून सुरू होतो आणि वर चढत जातो, पान अख्खंच फिकट होतं आणि गळतं. मॅग्नेशियमही असंच हिंडतं. हरितद्रव्याच्या कणाच्या मधोमध बसलेला अणू मॅग्नेशियमचाच. त्याची उणीवही खालच्या पानांवर दिसते, पण तिथं शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोह मात्र एका जागी बसलं की बसलं. जुन्या पानातलं लोह नव्याला मिळत नाही, त्यामुळं लोह कमी पडलं की खाली सगळं हिरवंगार आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यांत हिरव्या शिरांची जाळी. पानाची कडच आधी पिवळी होऊन मग करपली, तर पालाशच्या, म्हणजे पोटॅशच्या, उणिवेचा संशय घ्यावा. पान किती पिवळं आहे याला फारसा अर्थ नाही. त्याचा पत्ता महत्त्वाचा. आणि आपण सगळे फोटो काढतो तो नेमका एका पानाचा, इतका जवळून की ते झाडाच्या कुठल्या मजल्यावर राहतं हेच कळत नाही.

आता गंजक्या खिळ्याचं. लोहाची कमतरता हे इंजिनियर काकांचं निदान आमच्या गल्लीपुरतं बरेचदा बरोबर निघतं. उपाय चुकतो. माळव्याची काळी माती अल्कधर्मी, तिच्यात चुनखडीचे खडे. 'मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' हे गव्हाला ठीक आहे, कुंडीतल्या कढीपत्त्याला नाही. या मातीत लोह भरपूर असतं, पण विरघळत नाही. कपाट भरलेलं आणि किल्ली हरवलेली. तिथं आणखी एक खिळा पुरून काय होणार? त्यातल्या त्यात वहिनींच्या ताकाला, ते आंबट म्हणून, थोडं तरी प्रयोजन आहे. बाकी मुंग्या आणि वास. नर्सरीत चिलेटेड लोह मिळतं, ते मुळांना घेता येतं.

पण भाच्याच्या कुंडीत माळवा नव्हता. तिथं पिशवीतली माती, बहुतेक पीट, म्हणजे दलदलीतला कुजलेला शेवाळी भुगा. तो मुळात आंबट असतो, म्हणून विकणारे त्यात चुना मिसळून देतात. या झाडाला मातीचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (पीएच), सहा ते सातच्या दरम्यान लागतो. म्हणजे आमचं ताक तिथं निरुपयोगी. शिवाय आमची काळी माती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेनं फट पडते आणि पाणी मुळांना न भेटताच भोकातून बाहेर येतं. पीटची खोड जवळपास तीच: एकदा कोरडं ठक्क झालं की पाणी धरतच नाही. दोन देशांतल्या दोन कुंड्यांत तळाच्या ताटलीत पाणी साचलेलं आणि झाड तहानलेलं. ही गंमत मला फार आवडली.

खताचं विचारलं तर पोरानं घरीच कंपोस्ट करायला घेतलं होतं, लाकडाचा भुसा आणि पालापाचोळा घालून. इथं मात्र माझ्यातली इंदूरकर जागी झाली. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर 'इंदूर प्रोसेस' म्हणतात ती आमच्या गावची. 1924 साली होळकर सरकारच्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, तिथं इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डनी ती बसवली आणि त्यांच्याबरोबर काम केलं यशवंत वाडांनी. 1931 च्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. हॉवर्ड आता सेंद्रिय शेतीवाल्यांचे आद्यपुरुष. वाडांना मात्र इंदुरातली मराठी माणसंसुद्धा विसरलीत, आणि याचा मला दर वेळी थोडा राग येतो. त्या पद्धतीत काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर, ओल राखायची, ढीग वेळच्या वेळी उलटायचा, तीनेक महिन्यांत खत तयार. घाई चालत नाही. कच्चं खत कुंडीत घातलं तर त्यातला भुसा कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि झाड खत घालूनही पिवळं पडतं. आता आमचा ओला कचरा सकाळी गाडी घेऊन जाते आणि देवगुराडियाच्या प्रकल्पात 2022 पासून त्याचा गॅस होतो, त्यामुळं कच्च्या खताचे अपघात गल्लीत कमी झालेत. टोरांटोच्या भाच्याला मात्र खत घरीच करायची हौस होती.

मग त्याला माळ्याचा मंत्र दिला. कुंडी उचलून बघ. "जड आहे, मावशी. मी रोज पाणी घालतो ना." लाडकं झाड आहे म्हणून रोज! मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की हवेच्या जागा पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजकं मूळ नत्र वर चढवू शकत नाही. झाड मान टाकतं. मान टाकलेली बघून माणूस आणखी पाणी घालतो. घरातली झाडं उन्हानं मरतात त्याहून जास्त प्रेमानं मरतात, असं माझं ठाम मत आहे. दोन पेरं बोट मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

त्याची पिवळी पानं तळाचीच होती. त्यातली काही नुसत्या सावलीनं गेलेली, वरच्या गर्दीत त्यांच्यापर्यंत उजेडच पोचत नव्हता. झाड फुलावर आलेलं, आणि त्या दिवसांत ते खालची पानं आपणहून रिकामी करतं, तिथं कुणी डॉक्टर व्हायचं कारण नाही. मी सांगितलं, पाणी थांबव, कच्चं खत काढ, खालची वाळकी पानं खुडून टाक. आणि पिवळ्या पानाकडं आशेनं बघत बसू नको, ते पुन्हा हिरवं होत नसतं. उपाय लागू पडला की नाही ते नव्या पानांवर बघायचं आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात.

दोन आठवडे हा आमच्या ग्रुपला झेपणारा काळ नाही. दुसऱ्याच दिवशी ईनोपासून हळदीच्या पाण्यापर्यंत सगळं सुचवून झालं. आत्यांनी तर मनावरच घेतलं. पोराला खरी अंबाडी लावू दे म्हणून पुडीभर बी टपालानं टोरांटोला पाठवायची तयारी केली. परदेशात बी पाठवायला कागदपत्रं लागतात, आणि उगवून आल्यावर त्याच्या घरात चारापेक्षा जास्त झाडं आहेत असं कुणालाही वाटेल, हे त्यांना समजावायचं काम माझ्याकडं आलं.