टॅटूची तारीख ठरवताना आधी ऊन आणि शेत बघा

खान्देशात टॅटू काढायचा असेल तर दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ धरावा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ताज्या टॅटूवर घाम साचला की खपली भिजून सुटते आणि तिच्याबरोबर रंगही निघतो. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी तर पोटरीवरचं काम पुढच्या थंडीवरच टाकावं.

अडचण एवढीच की थंडीत कापसाची वेचणी असते. वाळलेल्या बोंडांची टोकं मनगट आणि पंजा ओरबाडतात. त्यामुळे शेतात जाणाऱ्यांनी सैल बाहीखाली झाकली जाणारी दंडाची वरची बाजू निवडावी. खांद्यावर काढला असेल तर फवारणीचा पंप निदान तीन आठवडे पाठीवर नको. पट्टा नेमका तिथेच घासतो.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एक कळकळीची विनंती: आधी नियम वाचा. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या वैद्यकीय नियमांत टॅटू डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, आणि तोही त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा. सलाम उजव्या हाताने करतात, म्हणून तो हात मोकळा ठेवायचा. मानेवरच्या एका नावापायी मेडिकलला बाद होणं फार वाईट.

आदल्या दिवसापासून दारू बंद, झोप पुरेशी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि गोळी मनाने बंदही करू नका. उपाशीपोटी तर कधीच नको. कळण्याची भाकरी-भाजी पोटभर खाऊन दीड-दोन तासांनी खुर्चीत बसा. चक्कर येणारे बहुतेक जण उपाशी किंवा घाबरलेले असतात. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली की लगेच सांगा. आडवं करून पाय उंच ठेवले की बरं वाटतं.

खुर्चीत बसल्यावर डोळे उघडे ठेवा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि त्यावरची मुदत वाचली पाहिजे. रेझर नवा हवा. शाई छोट्या टोपणांत ओतलेली हवी. उरलेली फेकायची, परत बाटलीत नाही. मधेच फोन उचलला तर हातमोजे बदलले पाहिजेत. यात्रेत रस्त्याकडेला एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने सगळ्यांना गोंदतात, तिथे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा खरा धोका असतो. तिथे हात पुढे करूच नका.

स्टेन्सिल, म्हणजे त्वचेवर उमटवलेला नक्षीचा कच्चा ठसा, लागला की सरळ उभं राहून बघा, कारण हात वळवला की रेघ वाकडी दिसते. नाव असेल तर आरशात अक्षरं उलटी दिसतात. फोनवर फोटो काढून ऱ्हस्व-दीर्घ तपासा. मग स्टेन्सिल दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या. देवनागरी अक्षर सेंटिमीटरभर तरी उंच हवं. वर्षं जातात तशी शाई पसरते, आणि लहान अक्षरांतल्या ‘थ’, ‘भ’, ‘क्ष’च्या पोकळ्या बुजून जातात. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते. उथळ गेली तर रंग टिकत नाही, खोल गेली तर रेघेभोवती निळसर डाग फुटतो आणि तो पुसता येत नाही.

घरी आल्यावर हात धुऊन मगच टॅटूला हात लावा. चिकट पारदर्शक पट्टी लावून दिली असेल तर सांगितलेले दिवस ठेवा, पण घामाने कड सुटली आणि आत पाणी शिरलं तर त्याच वेळी काढा. टाकीत साठवलेलं किंवा बोअरचं पाणी उकळून कोमट करून घ्या, बिनवासाच्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा आणि मलम अगदी पातळ लावा. जाड थराखाली त्वचा भिजून मऊ पडते. हळद, खोबरेल, कडुलिंबाचा लेप, घरातून कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी नको. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात आणि खाज येते. नखं लावू नका. विहिरीत किंवा तापीत पोहणं तीन आठवडे बंद.

लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप भरला तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा. सगळं नीट बसलं तर महिना-दीड महिन्याने फिकट राहिलेल्या जागी टचअप करून घ्या. रक्तदान मात्र टॅटूनंतर १२ महिने करता येत नाही, म्हणून गावात शिबिर असेल तर आधी रक्त द्या आणि मग टॅटूची तारीख घ्या.