ओपेमुस ६ ला एलईडी: कामाची सद्यस्थिती

मिओप्टा ओपेमुस ६ या एनलार्जरमधला (निगेटिव्हची मोठी प्रतिमा फोटो-पेपरवर पाडणारं डार्करूमचं यंत्र) दुधी काचेचा ओपल बल्ब निघाला आणि त्याच्या जागी निळ्या-हिरव्या एलईडींचं डोकं बसलं. उजेड सगळीकडे सारखा पडतोय, ग्रेडचा, म्हणजे काँट्रास्टच्या पातळ्यांचा, तक्ता अर्धा भरलाय. कंडेन्सरवाला (उजेड एकवटणारी भिंगं असलेला) कुठलाही जुना एनलार्जर असेल तर यातलं बरंच लागू पडेल.

हा खटाटोप जास्त उजेडासाठी नाही, स्थिर उजेडासाठी आहे. टंगस्टन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. व्होल्टेज ५ टक्के उतरलं की उजेड १६ टक्के उतरतो, म्हणजे पाव स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). नागपुरात एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी गल्लीभर कूलर सुरू झाले की दुपारी एक्स्पोजर ठरवायला काढलेली टेस्ट स्ट्रिप रात्रीच्या प्रिंटला जुळत नाही. शिवाय बल्ब पिवळसर झाला की निळा भाग जास्त घटतो, त्यामुळे मल्टिग्रेड पेपरवर (निळ्या उजेडाने काँट्रास्ट कठीण आणि हिरव्याने मऊ होणारा पेपर) काँट्रास्टही मऊ पडतो. करंट बांधून दिलेल्या एलईडीला यातलं काहीच होत नाही. निगेटिव्ह तापून फुगणं आणि फोकस सरकणं, हा त्रासही गेला.

घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब होल्डरमध्ये लावून भागेल असं वाटतं, पण तो नको. त्यातल्या कपॅसिटरमुळे स्विच बंद केल्यावरही उजेड रेंगाळतो आणि सुरू होतानाही थोडा वेळ जातो; ५ सेकंदांच्या एक्स्पोजरला हा फरक मोठा आहे. टायमर ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) असेल तर बंद अवस्थेतही त्यातून किंचित करंट झिरपतो, बल्ब मंद चमकत राहतो आणि पेपरवर धुरकट थर चढतो. अंधारात दहा मिनिटं डोळे सरावल्याशिवाय ही चमक दिसतही नाही.

आता बांधणी. पाच हिरवे (५२५ नॅनोमीटरच्या आसपास), तीन निळे (४५० नॅनोमीटर) आणि दोन लाल (६३० नॅनोमीटर), सगळे ३ वॉटचे, स्टार पीसीबीवरचे (ताऱ्याच्या आकाराच्या छोट्या धातूच्या चकतीवर बसवलेले). हिरवे जास्त घेतले कारण पेपर निळ्याला बराच जास्त संवेदनशील असतो. डोळ्याला नेमकं उलट दिसतं, हिरवा भगभगीत आणि निळा मंद. त्यावरून अंदाज बांधू नका. लाल कशाला, तर लेन्सखालचा लाल फिल्टर आता निरुपयोगी झाला: निळ्या-हिरव्या उजेडात लाल नाहीच, मग त्यातून पलीकडे जाणार काय? पेपर जागेवर बसवायला लाल एलईडी वेगळे लागतात, आणि त्यांनी पेपर फॉग होत (नकळत काळवंडत) नाही ना, हे पेपरवर नाणं ठेवून, त्याची छाप उमटते का ते बघून तपासावं लागतं.

प्रत्येक रंगाची वेगळी सिरीज. हिरव्याला मीन वेल एलडीडी-७००एच हा ठरलेला करंट देणारा ड्रायव्हर, निळ्याला आणि लालला एलडीडी-३५०एच, आणि तिन्हींना मिळून २४ व्होल्ट, ३५ वॉटचा एक एसएमपीएस (२३० व्होल्टवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय). पाच हिरव्यांना साधारण १७ व्होल्ट लागतात, म्हणजे ड्रायव्हरला पुरेशी मोकळीक राहते. या ड्रायव्हरची आउटपुटची वजा बाजू इनपुटच्या वजा बाजूला जोडायची नाही, त्यामुळे सगळ्या रंगांना एकच परतीची तार देऊन चालत नाही.

खरी मेख ड्रायव्हरच्या डिम पिनमध्ये (उजेड कमी-जास्त आणि चालू-बंद करायची पिन) आहे. ती मोकळी असली की ड्रायव्हर चालू राहतो. ड्रायव्हर चालवणारा आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) सुरू होताना त्याच्या पिना काही क्षण मोकळ्याच असतात, म्हणून पॉवर देताच डोकं झगमगतं आणि खाली पेपर असेल तर तो गेला. डिम आणि इनपुटच्या वजा बाजूमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाका आणि आर्डुइनोची तार काढून मीटर लावा. ०.८ व्होल्टच्या खाली दिसलं पाहिजे. नसेल तर रेझिस्टर आणखी लहान घ्या. एक्स्पोजर याच पिनेवरून चालू-बंद करायचं, एसएमपीएसची २३० व्होल्टची बाजू टायमरला द्यायची नाही.

स्टार पीसीबी हीटसिंकवर एम३ स्क्रूने बसतात, आणि स्क्रूचं डोकं सोल्डरच्या पॅडला टेकतं. अशी दोन टेकली की मधले एलईडी शॉर्ट होऊन विझतात, बाकीचे मात्र जळत राहतात, म्हणून दोष पटकन सापडत नाही. नायलॉनचा वॉशर घाला. इतवारीतल्या लोहाओळीत किंवा सीताबर्डीला बारीकसारीक सामान बघता येईल. ३ मिलिमीटरचं मिल्की अ‍ॅक्रिलिक साइनबोर्डवाल्याकडे मिळतं, तुकडाही देतात. त्याची ६५ मिलिमीटरची चकती बल्बचा फुगा जिथे होता तिथेच आली पाहिजे. चकती आणि एलईडींमध्ये ५० ते ६० मिलिमीटर अंतर, आतून मॅट पांढरा रंग, आणि रंग आलटून-पालटून लावलेले. अंतर कमी पडलं तर कोपऱ्यात एक बाजू हिरवट, दुसरी निळसर दिसते.

एसएमपीएस डोक्याबाहेर ठेवा. जुन्या एनलार्जरची तार बहुधा दोनच कोअरची असते. ती बदलून तीन पिनांचा प्लग लावा आणि धातूच्या अंगाला अर्थिंग द्या. डार्करूममध्ये ओले हात असतात, इथे तडजोड नको.

उजेड सारखा आहे का, हे निगेटिव्ह न लावता, लेन्सचं छिद्र f/८ वर ठेवून तपासायचं. हिरव्याला लक्स मीटर चालतो: मध्य आणि कोपऱ्यात ०.१ स्टॉपपेक्षा, म्हणजे साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. निळ्याला तो मीटर भरवशाचा नाही. फक्त निळ्या उजेडात पेपरवर मध्यम राखाडी काढून बघा. कठीण ग्रेडला बारीक फरकही उघडा पडतो. कोपरे काळवंडले तर आधी डोकं वर-खाली सरकवा, चकतीला नंतर हात लावा.

ग्रेडसाठी ०.१५ घनतेच्या २१ पायऱ्यांची वेज (फिकटपासून गडद होत जाणारी फिल्मची पट्टी) पेपरला चिकटवून काँटॅक्ट प्रिंट काढायची. पहिल्या पुसट छटेपासून जवळपास पूर्ण काळ्यापर्यंत जितक्या पायऱ्या, त्याला १५ ने गुणा. सात आल्या तर आर १०५ (पेपरच्या काँट्रास्टचा आकडा), म्हणजे साधारण ग्रेड २. नुसता हिरवा आणि नुसता निळा ही दोन टोकं बसली आहेत, मधली मिश्रणं भरतो आहोत. फोकस हिरव्यात करा, डोळ्याला तोच स्पष्ट दिसतो. जुन्या लेन्सचा निळा फोकस जरा सरकतो, पण f/८ वर तो झाकला जातो.

उरलंय ते उष्णतेचं. खोली ४० अंशांवर असताना २ अंश प्रति वॉटचा हीटसिंक आणखी २५ अंशांनी चढतो. निळ्या-हिरव्याचा उजेड तापमानासोबत उतरतो, पण सारख्या प्रमाणात नाही, म्हणून ग्रेड हळूच सरकते. हीटसिंकवर १० किलोओहमचा एनटीसी (तापमान मोजणारा रेझिस्टर) बसवून वेजची तीच प्रिंट थंड आणि तापलेल्या डोक्याने काढायची आहे. फरक एका पायरीच्या आत राहिला तर दुरुस्ती प्रोग्राममध्ये घालू, नाहीतर पंखा लावावा लागेल, आणि पंख्याची थरथर एनलार्जरच्या उभ्या कॉलमपर्यंत जाऊ न देणं हे वेगळं काम होईल.