पांघरुणाखालचा व्हेप

गुरुवार, रात्री साडेअकरा

उद्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीची इंटर्नल आहे आणि डोक्यात काही शिरत नाहीये, म्हणून ही वही उघडली. खोलीत कलिंगडाचा वास सुटलाय. कलिंगड कोणीही आणलेलं नाही.

रूममेट डोक्यावरून पांघरूण घेऊन बसली आहे. तिचा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हायलायटरएवढा, गुलाबी, कायम उजव्या बाहीत. ओढला की टोकाला निळा दिवा लागतो, वाफ ती पांघरुणातच सोडते. मग तोंड बाहेर काढून, "अगं, तिसऱ्या युनिटमधलं ते मेकॅनिझम परत सांग ना." थोडा वेळ अभ्यास झकास चालतो. मग पाय हलायला लागतो, पेनाचं टोपण दातात जातं आणि हात पुन्हा बाहीत.

"टेन्शन आलं की लागतो गं," हे तिचं ठरलेलं उत्तर. मला हे उलटं वाटतं. निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरायला लागलं की चिडचिड, बेचैनी, कशातच लक्ष न लागणं. परीक्षेचं टेन्शन याहून वेगळं कुठे दिसतं? ओढल्यावर बरं वाटतं हे खोटं नाही. पण काटा रुतवणाराच काटा काढून देतोय, आणि वर आपणच त्याचे उपकार मानतोय.

त्यात हे निकोटीन सॉल्ट. केमिस्ट्रीवाल्यांना हे मी काय सांगणार! नुसतं निकोटीन घशाला खरवडतं. त्यात बेंझोइक आम्ल घातलं की क्षार होतो, मऊ लागतो, मग डोस वाढवला तरी ठसका लागत नाही. अमेरिकेतल्या जूल या व्हेप कंपनीनं २०१५ मध्ये हेच करून बाजार मारला. आम्ही दोघी हे ॲसिड-बेस म्हणून पाठ करतो.

मुलांचं बरं असतं असं नाही, पण त्यांना निदान टपरीपर्यंत जावं लागतं. तिथे चहा होतो, कोणीतरी भेटतं, सरांना शिव्या घालून होतात, आणि सिगारेट जळून संपते. मुलगी तिथे उभी राहिली की अख्खा रस्ता वळून बघतो. म्हणून हिचं सगळं खोलीत, एकटीनं. आज किती ओढलास विचारलं तर तिला खरंच सांगता येत नाही. थोटूक नाही, पाकीट नाही, मोजणार काय?

व्हेपवर बंदी आहे म्हणे. आहेच, २०१९ पासून. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हिनं इन्स्टावर मेसेज टाकला की पार्सल गेटवर येतं. रेक्टर मॅडमनी मागे झडती घेतली तेव्हा माझी किटली जप्त झाली. व्हेप टेबलावर चार्जिंगला लावलेला होता, तो त्यांना पेनड्राइव्ह वाटला. किटली अजून परत मिळालेली नाही.

पण खरी गोष्ट रात्री नऊच्या फोनची आहे. पप्पांचा फोन येतो. सोयाबीनचा भाव, कर्जाचा हप्ता, आणि शेवटी "तू टेन्शन घेऊ नको बेटा." ती "हो पप्पा" म्हणते, फोन ठेवते आणि सरळ पांघरुणात. झोप नीट लागत नाही, डबा अर्धा परत जातो. व्हेप उद्या नाल्यात फेकला तरी हे राहणारच आहे.

म्हणून मी "सोड" म्हणणं सोडून दिलंय. सोडल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात वाईट असतात. ते ऐन परीक्षेत कशाला ओढवून घ्यायचे? टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मात्र तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. सरकारी आहे, फुकट, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ वेगळा, तो नंतर बघू. आधी म्हणाली, "मी काय वेडी आहे का?" जेवताना हळूच विचारलं, "घरी कळवत नाहीत ना?"

उद्या पेपर झाल्यावर गच्चीवर जाऊन फोन लावायचं ठरलंय. मी शेजारी बसायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही, ही तिची अट. मान्य केली आहे. जमेल का माहीत नाही, मला गप्प बसता येत नाही.