दोन ते तीन टक्के

अण्णांचं ऑपरेशन लातुरात झालं, ते आतडं अडकलं म्हणून. गाठ निघेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. रिपोर्टवर होतं, लहान आतड्याचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींतून उठलेली गाठ, आणि शेवटच्या ओळीत 'केआय-67 : 2 ते 3 टक्के', म्हणजे शंभरातल्या दोन-तीन पेशी वाढीला लागलेल्या. एवढा लहान आकडा बघून आम्हाला हायसं वाटलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी मात्र कागद परत सरकवला. "हा अंदाज आहे. मोजून आणा."

नेमकी 3 वरच तर रेघ आहे! 3 टक्क्यांच्या आत ग्रेड 1, 3 ते 20 ग्रेड 2, 20 च्या वर ग्रेड 3. आमचा रिपोर्ट कुंपणावर बसलेला.

मग ब्लॉकसाठी फेऱ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. लॅबवाले आधी नुसत्या रंगवलेल्या काचा देऊन कटवत होते, पण नव्यानं तपासणी करायची तर ब्लॉकच लागतो. चौथ्या फेरीला, अर्ज लिहून, मिळाला. मे महिना होता. मेण वितळायच्या भीतीनं मी ती पुडी पाण्याच्या बाटलीला चिकटवून रात्रीच्या गाडीनं मुंबईला नेली. नंतर कळलं, ते मेण पन्नास अंशांच्या पुढंच वितळतं. लातूर अजून तिथवर गेलेलं नाही.

तिथल्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला छापलेला फोटो दाखवला. निळे ठिपके नि त्यात तपकिरी. वाढीच्या चक्रात असलेल्या पेशीच्या केंद्रकात केआय-67 हे प्रथिन असतं नि ते तपकिरी दिसतं, निवांत पडलेल्या पेशीत नसतं. जर्मनीतल्या कील शहरात 1983 च्या सुमारास ते सापडलं, त्यावरून नाव. त्यांनी पेननं एकेका ठिपक्यावर खूण केली होती. 612 पेशी, त्यात 27 तपकिरी. 4.4 टक्के. निदान 500 तरी मोजाव्या लागतात म्हणे. मध्येच रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तपकिरी होतात, त्या वगळायच्या.

मी मोंढ्यात आडतीवर असतो. सोयाबीनचा नमुना आम्ही पोत्याच्या वरून, मधून, खालून काढतो, मिसळतो, मग डागी दाणे बघतो नि त्यावर कडता, म्हणजे कपात, धरतो. इथं उलटं. सगळ्यात जास्त तपकिरी दिसेल ती जागा हुडकायची आणि तिथंच मोजायचं. मी म्हणालो, "मॅडम, असा नमुना मोंढ्यात काढला तर शेतकरी मारतील." त्या हसल्या. "गाठ वाढते ती तिच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यामुळं. सरासरी काढली तर तोच झाकला जाईल." हे मात्र मला पटलं.

एकाच्या दोन होत असलेल्या पेशींची मोजणी वेगळी असते. ती 2 चौरस मिलिमीटरमध्ये 1 भरली, म्हणजे त्या हिशोबानं ग्रेड 1. पण दोन्हींत जी वरची तीच धरतात. ग्रेड 2 पक्की झाली.

घरी आल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न, "दुसरी स्टेज का रे?" ही गल्लत आमच्या सगळ्या पाहुण्यांनी केली. स्टेज म्हणजे गाठ कुठवर गेली, ग्रेड म्हणजे ती किती घाईत आहे. स्टेजसाठी स्कॅन अजून व्हायचा होता.

अण्णा थोडं थांबले. "डागी किती निघाले म्हणतोस?"

"शंभरात चार-साडेचार."

"मग लई कडता नाही बसायचा," म्हणाले आणि कूस वळवून झोपले.